काटा, वही आणि कळण्याची भाकरी

ताकद म्हणजे स्नायूंना एका वेळी लावता येणारा जास्तीत जास्त जोर. दम, चपळाई आणि पिळदार अंग या तिच्या शेजारच्या गोष्टी आहेत, पण त्या म्हणजे ताकद नव्हे. बोलण्यात या सगळ्यांना ‘अंगात जोर आहे’ एवढे एकच वाक्य पुरते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. हजार बैठका काढणाऱ्याचा दम दांडगा असतो. पण ज्याने आयुष्यात पन्नासच्या वर बैठका काढल्या नाहीत असा हमाल क्विंटलाचे पोते पाठीवर घेऊन ट्रकची फळी चढतो, तेव्हा दिसते ती ताकद. ती मोजता येते. किती किलो, किती वेळा, कोणत्या तारखेला, असे तीन आकडे पुरतात.

ताकद वाढते कशी, याचे उत्तर दोन टप्प्यांत आहे. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत. मज्जासंस्था त्यांना एकत्र कामाला लावायला शिकते. मोरितानी आणि डी व्ह्रीज या अभ्यासकांनी १९७९ मध्ये हे मोजून दाखवले. नवख्या मुलाचा दंड फुगलेला नसतो, तरी महिन्याभरात तो दीडपट वजन उचलू लागतो, ते यामुळे. दुसरा टप्पा स्नायूंचा. तो महिन्यांनी आणि वर्षांनी मोजायचा असतो, आणि त्याला अन्न लागते. बहुतेक जण पहिल्या टप्प्याच्या वेगावर खूश होतात, दुसऱ्या टप्प्याची चाल पाहून निराश होतात आणि व्यायामशाळा सोडतात. त्यांचे शरीर थांबलेले नसते. अंदाज चुकलेला असतो.

वजन हळूहळू वाढवत नेण्याची सर्वांत जुनी गोष्ट मिलो या ग्रीक मल्लाची आहे. तो सहा वेळा ऑलिंपिक विजेता ठरला. त्याने एक वासरू रोज खांद्यावर घेतले, वासराचा बैल झाला आणि मिलोही तेवढाच बळकट झाला, अशी आख्यायिका. गोष्ट सुंदर आहे आणि निम्मी खोटी आहे. वासरू आपल्या गतीने वाढते, माणसाचे शरीर त्याच्याशी करार करत नाही. साधा हिशेब करावा. ४० किलोच्या स्क्वॉटपासून, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन काढलेल्या बैठकीपासून, सुरुवात करून दर आठवड्याला अडीच किलो वाढवले, तर वर्षात १३० किलोंची भर पडते आणि तीन वर्षांनी माणसाने ४३० किलो उचलायला हवेत. एवढे वजन जगात मोजकेच लोक पेलतात. तेव्हा वाढीचा वेग घटत जाणे हाच नियम आहे. नवख्याची वाढ आठवड्यांत मोजावी, वर्षभर टिकलेल्याची महिन्यांत, आणि पाच वर्षे झालेल्याने वर्षात पाच किलो वाढवले तरी पेढे वाटावेत.

आधुनिक वैद्यकात या तत्त्वाला शिस्त लावली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पुन्हा चालते करताना त्याने वजने वापरली, आणि १९४५ मध्ये आपली पद्धत मांडली. पुढे ती अशी स्थिरावली: दहा वेळा जेमतेम उचलता येईल असे वजन शोधायचे, पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणपट, तिसरा पूर्ण. ते सोपे वाटू लागले की वजन वाढवायचे. जगभरच्या व्यायामशाळांत ‘दहाचे तीन सेट’ चालतात, त्यांचे मूळ बरेचसे इथे आहे.

आयुर्वेदाने व्यायामाची मर्यादा अर्ध्या शक्तीवर ठेवली आहे. सुश्रुताने त्याला बलार्ध म्हटले. कपाळ आणि काखेत घाम येऊ लागला, तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. आजचे प्रशिक्षक ‘एक-दोन रेप (उचल) शिल्लक ठेवा’ म्हणतात ते याच जातीचे शहाणपण. दोन्हींत मोजमापाचा फरक आहे, पण हेतू एक: आजचा व्यायाम असा हवा की परवा पुन्हा करता येईल. तालमीत ‘रग जिरवणे’ याला मान आहे, नव्या पोराला पहिल्या दिवशी पाचशे बैठका काढायला लावून चार दिवस जिना उतरता येणार नाही असा करून सोडणारे वस्ताद आजही भेटतात. पोराची परीक्षा होते, ताकद वाढत नाही.

शेतात राबणाऱ्याला व्यायामाची गरज काय, हा प्रश्न खानदेशात हमखास विचारला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. केळीचा वीस-पंचवीस किलोंचा घड बांधावरून ट्रॅक्टरपर्यंत दिवसभर वाहणारा मजूर शहरातल्या बऱ्याच जिमबाजांपेक्षा बळकट असतो. पण घडाचे वजन दर महिन्याला अडीच किलोंनी वाढत नाही. शरीर त्या ओझ्याला एकदा सरावले की तिथेच थांबते, आणि पुढची वीस वर्षे मिळते ती झीज. कापूस वेचणाऱ्या बाईचे तर उलटेच आहे. दिवसभर वाकून कंबर आणि बोटे शिणतात, मांड्यांना आणि पाठीला जोर लावण्याची वेळच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला, तो प्रौढांना आणि वृद्धांनाही. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या बायकोला त्याची गरज विशीतल्या मुलाहून जास्त आहे. गावच्या व्यायामशाळेत ही दोघे दिसत नाहीत, हा त्या व्यायामशाळेचा दोष.

जळगाव जिल्ह्यातल्या पहूर, शेंदुर्णी, जामनेर या पट्ट्यात तरुणांचा व्यायाम बहुतेकदा पोलीस भरतीपासून सुरू होतो. मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. जाहिरात निघाली की पहाटे रस्ते भरतात, चाचणी झाली की ओस पडतात. भरती दर वर्षी ठरल्या तारखेला निघत नाही, त्यामुळे तयारीही तुकड्यातुकड्यांत होते. धावण्याचा दम दोन महिन्यांत बऱ्यापैकी जमवता येतो. गोळ्यामागची मांड्यांची, कमरेची आणि खांद्याची ताकद तेवढ्यात उभी राहत नाही. मग मुले रोज शंभर वेळा गोळा फेकतात, तंत्र थोडे सुधारते, खांदा दुखावतो आणि अंतर तिथेच राहते. जाहिरातीच्या आदल्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि प्रेस केलेल्या मुलाला हे गुण तुलनेने स्वस्तात पडतात.

सातत्य या शब्दाचा अर्थ इथे नीट लावायला हवा, कारण ‘रोज, न चुकता’ असा जो अर्थ भाषणांत सांगितला जातो तो शेतकरी कुटुंबाला लागू पडत नाही. जून-जुलैत पेरणी, मग निंदणी-कोळपणी, दसऱ्यापासून कापसाची वेचणी, मेमध्ये पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. अशा वर्षात बारा महिने एकसारखा व्यायाम होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. बिकेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांनी चार महिने जोरदार व्यायाम केला आणि नंतरचे आठ महिने तो कमी केला. तरुणांचे स्नायू आणि ताकद मूळ व्यायामाच्या नवव्या हिश्श्यावरही टिकून राहिली. वयस्कांना स्नायू टिकवायला जास्त व्यायाम लागला, पण ताकद त्यांचीही बरीच राहिली. म्हणजे आठवड्याला तीन दिवस तीन-तीन सेट करणाऱ्याने वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा एकच जड सेट केला तरी कमावलेले जात नाही. कमावण्याचे महिने वेगळे, राखण्याचे वेगळे. पूर्ण शून्यावर न येणे एवढेच सातत्य पुरेसे आहे. ‘आता सुगी संपल्यावर बघू’ म्हणून चार महिने बूड न हलवणारा मात्र दर दिवाळीनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.

याच जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. त्यांच्या आधीची तीन वर्षे नरसिंग यादव यांची. किताब एकदा मिळवणाऱ्या मल्लांची यादी मोठी आहे. त्यात एखाद्याचा चांगला दिवस, एखाद्याची सोपी जोड असू शकते. सलग तीन वर्षे तो राखताना दुखापती, वजन, आहार आणि सराव सगळेच आटोक्यात ठेवावे लागते. चौधरी पुढे पोलीस सेवेत उपअधीक्षक झाले आणि नोकरी सांभाळून २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेग इथे जागतिक पोलीस व अग्निशमन स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. आपल्याकडे मल्लांच्या गोष्टी सांगताना खुराकाची वर्णने रंगतात, किती लिटर दूध, किती शेर बदाम. पहिल्या किताबानंतर नऊ वर्षांनीही चौधरी आखाड्यात टिकून होते, याचे कौतुक कमी होते.

व्यायामाबद्दलच्या माहितीचा मराठीत कधी तुटवडा नव्हता. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. असे काम फार थोड्या भाषांत झाले असेल. तुटवडा आहे तो स्वतःच्या नोंदीचा. दोनशे पानी वहीचे एक पान पुरते. वर तारीख. खाली ‘स्क्वॉट ५५ × ५, ५, ५’. त्यापुढे ‘प्रेस २७.५ × ५, ५, ४’. शेवटच्या ओळीत ‘रात्री भरणं होतं, झोप चार तास’. पुढच्या खेपेला प्रेस त्याच वजनावर पुन्हा करायचा, कारण शेवटचा चारचा आकडा तसे सांगतो; आणि तो चार का झाला हे खालची ओळ सांगते. पिकाला पाणी देण्याची पाळी रात्री आली की झोप जाते, झोप गेली की ताकद त्या दिवशी कमी भरते. वही नसेल तर माणूस त्या दिवशी स्वतःला दोष देतो किंवा व्यायाम बदलतो. दर पंधरा दिवसांनी नवा व्यायामप्रकार शोधणाऱ्यांची वही बहुधा कोरी असते.

खाण्याच्या हिशेबात खोट जास्त असते, आणि ती जाणूनबुजून केलेली नसते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा माणसांचा तपास केला. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ती माणसे लबाड नव्हती. चव घेताना खाल्लेले, मुलाच्या ताटातले उरलेले, उभ्या उभ्या तोंडात टाकलेले कोणाच्या लक्षात राहत नाही. जिनिंगच्या काट्यावर क्विंटलमागे दोन किलोंचा कडता लावला तर शेतकरी भांडायला उभा राहतो. स्वतःच्या ताटाला तो रोज केवढा कडता लावतो, हे त्याच्या गावीही नसते. चौघांच्या भरिताला अर्धी वाटी तेल पडते. तेवढ्याच्या साधारण साडेपाचशे कॅलरी होतात आणि ‘आज नुसते भरीत-भाकरी खाल्ली’ असे सांगितले जाते. भाजीत घालायच्या शेवेतली मूठभर आधीच तोंडात गेलेली असते, तिच्या दीडशे. चहातली साखर तर कोणी धरतच नाही.

या खोटीची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. सडपातळ मुलगा ‘मी खूप खातो पण अंगाला लागत नाही’ म्हणतो, तोही तितकाच चुकलेला असतो. त्याला लग्नात खाल्लेल्या आठ बट्ट्या आठवतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही खाल्ले नव्हते हे आठवत नाही. ‘चार भाकरी’ हे माप नव्हे. एका घरचा उंडा साठ ग्रॅम पिठाचा, दुसऱ्या घरचा सव्वाशेचा. आठवडाभर पीठ, डाळ, तेल आणि दूध काट्यावर मोजून पाहावे. जन्मभर मोजत बसायचे नाही; एक आठवडा मोजले की डोळ्याला अंदाज येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या माणसाला ती ५० ग्रॅम होतात. वजन उचलणाऱ्यांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये घेतला गेला, त्यात किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमनंतर जादा प्रथिनांचा फायदा दिसेनासा झाला. तेव्हा त्याच माणसाने व्यायाम सुरू केला तर ९०-९५ ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे.

खानदेशी स्वयंपाकात याचे निम्मे उत्तर तयार आहे, आणि ते म्हणजे कळणा. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळायचे, मीठ दळतानाच घालायचे. प्रमाण घरोघरी वेगळे. चारास एक हे सर्वसाधारण. नुसत्या ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅम प्रथिने असतात, कळण्याच्या पिठात १२ ते १३. आकड्यापेक्षा प्रतीतला फरक मोठा आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असते. उडदात ते भरपूर, पण उडदात मिथिओनिन कमी पडते आणि ज्वारी त्याची भरपाई करते. प्रयोगशाळा नसताना कोण्या बाईने जात्यावर हे जमवले, बहुधा चवीसाठी आणि भाकरी पोटात टिकावी म्हणून. आता ही भाकरी हॉटेलात भरिताबरोबर हौसेने मागवली जाते आणि घरात गव्हाची पोळी खाल्ली जाते. उलटे व्हायला हवे.

साठ किलोच्या मुलाचा दिवस असा मांडता येतो. कळण्याचे पीठ ३५० ग्रॅम, त्यातून ४४ ग्रॅम प्रथिने. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ, त्यातून १३. अर्धा लिटर म्हशीचे दूध, १८. भाजलेले शेंगदाणे ५० ग्रॅम, १२. बेरीज ८७. दोन अंडी किंवा २५ ग्रॅम सोयावडी धरली की शंभर. ज्वारीची प्रथिने शिजल्यावर पूर्ण पचत नाहीत, म्हणून त्यातले दहा-बारा ग्रॅम सोडून द्यावेत. तरी लक्ष्याजवळ पोचता येते. इथे प्रामाणिकपणाचा प्रश्न वेगळ्या जागी आहे. घरात म्हैस असते, दूध डेअरीला जाते. पोराच्या वाट्याला चहापुरते उरते आणि त्याच दुधाच्या पैशातून तो दोन-तीन हजारांचा पावडरीचा डबा आणतो. वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे. सल्ला जरा सरसकट आहे, चांगल्या प्रतीची पावडर म्हणजे काही विष नव्हे. पण अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाणे रोज पोटात जाण्याआधी डब्याचा विचार करणे हा उलटा व्यवहार आहे. व्यायामशाळेच्या कोपऱ्यात मिळणाऱ्या सुयांबद्दल तर एवढेच सांगणे पुरे की त्या घेणाऱ्याची वही काहीच सांगत नाही, कारण आकडे त्याचे नसतात.

खाणे बरोबर चालले आहे की नाही, हे वजनकाटा सांगतो, फक्त त्याला रोज विचारावे आणि आठवड्याने ऐकावे. सकाळी शौचानंतर, काही न खाता वजन करून सात दिवसांची सरासरी काढायची. रात्री तर्रीदार शेवभाजी झाली तर मिठामुळे पाणी साठून सकाळी किलोभर वजन जास्त भरते. ते अंग नव्हे. साठ किलोच्या बारीक मुलाचे वजन आठवड्याला दीडशे ते तीनशे ग्रॅमने वाढत असेल तर ठीक. तेवढेही वाढत नसेल तर एक भाकरी आणि पेलाभर दूध वाढवावे. त्याहून जास्त वाढत असेल तर कमरेचा घेर मोजावा.

उरला प्रश्न लहान प्लेटींचा, आणि तो दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. गावोगावच्या व्यायामशाळांत आरसे आणि वीस-वीस किलोंच्या प्लेटी असतात, सर्वांत लहान प्लेट बहुधा अडीच किलोची. दोन बाजूंना दोन लावल्या की एकदम ५ किलो वाढतात. २० किलोच्या नुसत्या रॉडवर खांद्याचा प्रेस करणाऱ्या मुलीला ती २५ टक्क्यांची उडी ठरते. ती फसते, आणि ‘मुलींना हे जमत नाही’ असा शेरा मिळतो. सव्वा किलोच्या दोन प्लेटी असत्या तर तीच मुलगी महिन्याभराने साडेबावीसवर असती. नव्या व्यायामशाळेच्या साहित्याची यादी करणाऱ्यांनी त्या आठवणीने घालाव्यात. तोवर किराणा दुकानाच्या काट्यावर मोजलेल्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वाळूच्या दोन पिशव्या रॉडच्या दोन टोकांना घट्ट बांधल्या, तरी काम भागते.